पानांवरचे डाग आणि गयामावशीचा खिळा

गयामावशी गेली ते मला साखरा गावात कळलं. हातात खळीचं डबडं होतं, चावडीच्या भिंतीवर पत्रकं डकवत होते. हिंगोलीहून येऊन परत निघालेल्या एस.टी.चा कंडक्टर आमच्याच वस्तीतला. त्यानं गाडी उभी केली, दारातून खाली उतरला आणि म्हणाला, "बेबी, चल, बस गाडीत. गयाबाई..." खळीचे हात तसेच घेऊन मी बसले. हिंगोली येईपर्यंत खळ बोटांवर वाळून कडक झाली होती, त्या हातांनी डोळेसुद्धा पुसता येईनात.

घरासमोर बायका जमल्या होत्या. भिंतीला लागून मावशीचे तुपाचे रिकामे डबे नेहमीसारखे हातभर अंतर ठेवून मांडलेले. एकात मोगरा, एकात कोरफड, दोनात क्रोटन, शेवटच्यात नागवेल. शेजारच्या चंद्राबाईनं मायेनं, म्हातारीची झाडं वाळू नयेत म्हणून, सगळ्या डब्यांवर वरून तांब्या तांब्या पाणी ओतलं होतं. पानं निथळत होती. मला तोवर रडू आलं नव्हतं, ते त्या निथळणाऱ्या पानांकडे बघून आलं. मावशी असती तर चंद्राबाईची धडगत नव्हती. "काहून गं, पाणी मुळाला लागतं का पानाला? तू भाकर तोंडात घालतीस का डोक्यावर ठिवतीस?" हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल... त्या दिवशी ते बोलणारं कुणी नव्हतं, म्हणून मीच एकेक पान फडक्यानं पुसून काढलं. बायकांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

आता हे लिहायचं कारण. आठ-दहा दिवसांनी मावशीच्या कचेरीत शोकसभा झाली. कचेरी कोणती, ते मी पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं, हेडक्लार्कांचं नावही लिहिलं होतं. वर्तमानपत्राच्या या पुरवणीच्या संपादकांनी हात जोडले, म्हणून खोडलं. तर हे हेडक्लार्क उभे राहिले आणि म्हणाले, "गयाबाई म्हणजे गरीब गाय. इतकी वर्षं नोकरी केली, पण कधी मान वर करून बोलली नाही." लोकांनी माना डोलावल्या. मी मागच्या बाकावर होते. मला सभेत बोलू दिलं नाही, म्हणून इथं बोलते. हे खोटं आहे. ती मान वर करून बोलली होती, त्याच कचेरीत, भर कामाच्या वेळी, आणि ज्यांच्याशी बोलली होती त्यांनाच शोकसभेत त्याचा विसर पडला. मेलेल्या माणसाला गरीब गाय म्हणणं फार सोयीचं असतं. गाय उठून उत्तर देत नाही.

गयामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. पुसेगावची. लग्नानंतर चार वर्षांत नवरा वारला, मूलबाळ नव्हतं. ओळखीच्या एका मास्तरांनी अर्ज लिहून दिला आणि ती हिंगोलीच्या या कचेरीत शिपाई लागली. आठवीत मला तिच्याकडे शिकायला पाठवलं, तेव्हापासून तिच्या एका खोलीत मी, ती आणि तिची झाडं. कागदावर ती शिपाई होती. प्रत्यक्षात तिच्या वाट्याला झाडू आला. माठ भरायचं काम तिचं नव्हतं, ते किसनरावचं. तहान लागली की किसनराव वरून पाणी ओतायचा आणि मावशी ओंजळ करून प्यायची. सरकारी कचेरीत, सरकारी माठातलं पाणी, सरकारी नोकर बाईला, वरून. वाचकांपैकी कुणाला वाटेल, हे फार जुनं असावं. या दशकातली गोष्ट आहे.

पण व्हरांड्यातल्या कुंड्या तिच्याकडे होत्या. कशा आल्या ते तिलाही आठवत नव्हतं. बहुधा दुसऱ्या कुणाला नको होत्या म्हणून. पाच-सहा क्रोटन, बाटलीतून कुंडीत आलेला मनीप्लँट, आणि खांबावर चढवलेला नागवेल. वेल हेडक्लार्कांनी लावलेला. त्यांच्या घरचा पूर्वापार पानमळा होता. तिथलं कलम आणून त्यांनी मोठ्या कुंडीत लावलं होतं आणि जेवणानंतर त्याचंच पान तोडून ते विडा करायचे. त्या वेलावर त्यांचा जीव होता, हे मी मान्य करते. माझ्या पत्रकांत मी विरोधकाची एकही चांगली गोष्ट लिहीत नाही, पण मावशीबद्दल लिहिताना तसं करता येत नाही. तिला ते चाललं नसतं.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर दुसऱ्या वर्षी पाऊस बरा झाला. श्रावणात हवा कोंदट, ऊन नाहीच. एका सकाळी वेलाच्या खालच्या पानांवर डाग दिसले. पावलीएवढे गोल, मध्ये काळपट, कडेला पिवळी किनार. चार दिवसांत पंधरा-वीस पानांवर गेले. हेडक्लार्कांनी ते पाहिलं आणि त्यांना आजोबांचा पानमळा आठवला. पानमळ्यात म्हणे चपला बाहेर काढून जातात. विटाळशी बाईला तर मळ्याच्या कुडापाशीसुद्धा फिरकू देत नाहीत, तिच्या सावलीनं पानं डागाळतात आणि सडतात. ते मावशीच्या टेबलापाशी... नाही, तिला टेबल कुठलं! ती झाडत होती तिथं आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले,

"गयाबाई, त्या दिवसांत तू वेलाला हात लावला होतास का?"

"कोणच्या दिसांत, साहेब?"

"तुला समजतं."

"न्हाई समजत. सांगा की. येवढे शिकलेले तुमी."

कुणीतरी खोकलं. टाइपरायटर थांबला. हेडक्लार्क कपाटाकडे बघायला लागले. मावशीनं झाडू भिंतीला टेकवला. तेव्हा ती पन्नाशीला टेकलेली होती. ती म्हणाली, "माझं बंद होऊन दोन सालं झाली, साहेब. तुमच्या मंडळीचं काय चाललंय ते मी कधी इचारलं का तुमाला?"

गरीब गाय!

हेडक्लार्क लाल झाले. मग म्हणाले, "तो विटाळ नसेल तर दुसरा असेल. कोणता ते मी बोलायची गरज नाही." आणि तोंडी हुकूम सुटला. उद्यापासून कुंड्यांना किसनराव पाणी घालील. गयाबाईनं कुंड्यांना शिवायचं नाही. तिनं मागची मोरी आणि संडासाकडचं बघायचं.

मावशीनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी कॉलेजात होते, विज्ञान शाखेत, आणि नुकतीच चळवळीच्या पोरांत बसायला-उठायला लागले होते. भाकरी होईपर्यंत मी पत्रक लिहून काढलं. मथळा होता 'डाग पानावर की मनावर?' मला तो फार आवडला होता. उभं राहून, हात हलवत मी ते वाचून दाखवलं. मावशीनं तव्यावरची भाकर उलटली आणि म्हणाली, "झ्याक हाय. पर बेबी, डाग कशानं पडला ते तर लिव्हलंच न्हाई."

"विटाळानं नाही पडला, हे लिहिलंय ना!"

"कशानं न्हाई ते लिव्हलं. कशानं पडला ते कुठंय? त्यो म्हननार इटाळ, तू म्हननार न्हाई. दोघं बी भांडून राहिले, आन् तिकडं वेल मरून गेला. मंग?"

मी म्हटलं, प्रश्न वेलाचा नाही, माणुसकीचा आहे. ती म्हणाली, "तुझा आसंल. माझ्या कुंड्या गेल्यात."

तेव्हा मला राग आला होता. आज कळतं की आमच्या सगळ्या पत्रकांत हीच खोट असते. काय चूक आहे ते आम्ही ओरडून सांगतो, आणि बरोबर काय ते सांगायची वेळ आली की जागा संपते.

दुसऱ्या दिवशी तिनं मोरीच्या बाजूला गळून पडलेलं एक डागी पान उचललं, पदरात बांधलं आणि स्टेशनाकडच्या रस्त्यावर करीमचाचांकडे गेली. चाचांचं चुन्याचं दुकान. तरुणपणी, निजामाच्या वेळी, ते कुठल्याशा अंमलदाराच्या बंगल्यात माळी होते, हे मावशीला माहीत होतं. मीही बरोबर होते. चाचांनी पान उन्हाकडे धरलं, उलटं केलं, डागावर नख फिरवलं. "ये देखो गयाबाई, गोल डाग, बाजू से पीला. बुरशी है ये. बारिश का पानी पत्ते पे बैठा, तो बुरशी बैठी. पानी कौन डालता?"

"आधी मी. आता किसनराव."

"कैसा डालता?"

मावशीनं डोळे मिटले आणि हातानं दाखवलं. बादली उचलून वरून भसकन. चाचा हसले. त्यांनी विचारलं, कुंड्या कशा आहेत? एकमेकींना चिकटून. पडलेली पानं कुठं? कुंडीतच. "तो बस," चाचा म्हणाले, "बीमार आदमी का बिस्तर उसी में रखा, और पूछते बीमारी कायकू बढी." मग मावशीनं, अगदी शेवटचं असल्यासारखं, हळूच विचारलं, "आन् चाचा, हाताचा इटाळ? आसतो का त्येचा काई...?" आयुष्यभर ऐकलेलं मनात कुठं तरी उरतंच, तिच्याही उरलं होतं. चाचांनी आपले चुन्यानं चिरलेले पांढरे हात पुढं केले. "मेरे हात का चूना सबके घर में लगा. देवघर में भी. किसी दीवार को डाग पडे क्या?"

तिथून पुढं मावशीनं मोरी घासता घासता व्हरांड्यावर पाळत ठेवली. किसनराव वाईट माणूस नव्हता, त्याला पाचची गाडी गाठायची असायची. म्हणून तो संध्याकाळी, निघायच्या घाईत, बादली वरून उपडी करायचा. पानं रात्रभर ओली. पाऊसकाळ म्हणून कुंड्या खांबाला खेटून आत ओढलेल्या, वारा नाही. पंधरा दिवसांत डाग वेलावरून मनीप्लँटवर आणि क्रोटनवर गेले. आता गयाबाई कुंड्यांना शिवत नव्हती, तरी डाग वाढत होते! तुमच्या-माझ्यासारख्याला एवढं पुरेल. हेडक्लार्कांना पुरलं नाही. ते म्हणाले, आधीचाच विटाळ आहे, मुरलाय.

मग मावशीनं जे केलं ते मी बघितलं नाही, नंतर किसनरावनंच सांगितलं. आमच्या घरी डब्यात जो नागवेल होता तो याच वेलाचा. आदल्या वर्षी छाटणीत फेकलेला तुकडा तिनं आणून लावला होता. रोज सकाळी, बुंध्याशी, वाटीनं पाणी. हिरवागार, एक डाग नाही. तो डबा तिनं डोक्यावर घेतला आणि वस्तीतून, बाजारातून चालत, कचेरीच्या वेळेला आत शिरली. थेट हेडक्लार्कांच्या टेबलावर, फायलींवर ठेवला.

"ह्यो तुमचाच वेल, साहेब. तुमी फेकलेला. वरीस झालं, ह्येला माझ्याबिगर कुनाचा हात लागला न्हाई. दावा डाग."

"उचल आधी ते टेबलावरून!"

"उचलते. आदी सांगा. दोन सालं माझ्या हातचं पाणी तुमचा वेल प्याला. त्या वेलाचं पान तुमी रोज जेवून खाल्लं. तवा इटाळ कुठं गेल्ता? पोटात?"

किसनराव सांगतो, कचेरीत हसू फुटलं ते कोणत्या टेबलावर, हे कुणालाच कळलं नाही, पण ते थांबेना. आवाज ऐकून आतून साहेब बाहेर आले. नवे होते, नुकतीच बदली होऊन आलेले, त्यांना शांतता हवी होती. त्यांनी डबा पाहिला, खांबावरचा वेल पाहिला आणि म्हणाले, "एक महिना कुंड्या बाईकडे द्या. सुधारल्या तर तिच्याकडे, नाही तर किसनरावकडेच राहू द्या." न्याय म्हणून नाही, कटकट मिटावी म्हणून. मावशीला तेवढं पुरलं. ती सरळ व्हरांड्यात गेली, कुंड्या हातभर अंतरावर लावल्या, डागी पानं एकेक खुडली, खाली पडलेली सगळी गोळा करून जाळली. हेडक्लार्कांना म्हणाली, "आता म्हैनाभर बाजारातलं पान खा, साहेब. औषीद मारनार हाय."

आणि इथं मी घोळ घातला.

औषध चाचांनी शिकवलेलं. तोळाभर मोरचूद, ते निळे खडे, एका मडक्यात विरघळवायचं, तोळाभर ताजा कळीचा चुना दुसऱ्या मडक्यात, आणि दोन्ही एकदम तिसऱ्या मडक्यात ओतायचं. सगळं मिळून शेराहून थोडं जास्त पाणी. धातूचं भांडं चालत नाही. मग घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा त्यात थोडा वेळ बुडवायचा. खिळा तसाच राहिला तर औषध तयार. खिळ्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त आहे, चुना आणखी घालायचा. नाही तर पान जळतं. चाचांनी एक जुना चौकोनी खिळा कागदात बांधून दिला होता.

फवारायच्या दिवशी हेडक्लार्कांनी मुद्दाम मावशीला टपाल घेऊन गावभर पिटाळलं. मी म्हटलं, मावशी नसली म्हणून काय झालं, मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे. रोग जास्त म्हणून मोरचूद दुप्पट घेतलं. आणि खिळा? खिळा मी कागदातून काढलाच नाही. गावोगाव फिरून मी बायकांना सांगत होते, उंबऱ्यात खिळा ठोकू नका, दारावर लिंबू बांधू नका, हे सगळं खूळ आहे. आणि औषधात खिळा बुडवायचा? म्हातारा भला आहे, पण जुना आहे, त्याचा हा टोटका आहे, असं मला वाटलं. मोठ्या तोऱ्यात मी ते निळं पाणी चाचांच्या कुंच्यानं वेलावर शिंपडलं. वर किसनरावला दहा मिनिटं अंधश्रद्धेवर भाषण दिलं.

तिसऱ्या दिवशी वेल करपला. डाग नसलेली पानंसुद्धा कडेनं जळाली, कोवळे शेंडे काळे पडून लोंबले. हेडक्लार्क व्हरांड्यात उभे राहून हातानं दाखवत राहिले. हा बघा. हा बघा. येणाऱ्या-जाणाऱ्याला. मी मावशीला म्हटलं, "सांगून टाक की रोगानंच गेला. कुणाला काय कळतंय?" मला तिची नोकरी दिसत होती, मोरी दिसत होती, आणि खरं सांगायचं तर माझी फजिती दिसत होती. मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मी आजही ते विसरू शकत नाही. ती आत गेली. साहेबांच्या दारात, हेडक्लार्कही तिथंच होते, मी मागं.

"औषीद कडक झालं, साहेब. आमची चूक हाय. माझ्या भाचीनं मोरचूद लई घातलं."

हेडक्लार्क म्हणाले, "बघा! म्हणजे हिच्या हातानंच—"

"चूक म्हनले मी, साहेब. इटाळ न्हाई म्हनले. चूक झाली तर कळती, सुधारता येती. तुमचा इटाळ सुधारता येतो का? सांगा. येत आसंल तर त्यो बी सुधारून दावते."

साहेबांनी पुढचा कागद ओढला. मग म्हणाले, "महिना अजून संपला नाही." एवढंच.

घरी मला वाटलं, आता बोलणी बसतील. तिनं मडक्यात उरलेलं निळं पाणी पुढं ठेवलं, कागदातला खिळा काढला, राखेनं घासला आणि माझ्या हातात दिला. "बुडीव." मी बुडवला. ती चूल सारवायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "काढ." खिळा लाल झाला होता, तांब्याचा असल्यासारखा. "ह्यो टोटका न्हाई, बाई," ती म्हणाली. "टोटक्याला इचारता येत न्हाई. ह्येला इचारलं की सांगतो."

करपलेला वेल तिनं कमरेइतका छाटला. पुन्हा औषध केलं, या वेळी दोघींनी मिळून, खिळा तीनदा बुडवून. सकाळी मारलं, म्हणजे दिवसा वाळेल. पाणी बुंध्याशी, तेही माती वर सुकली असेल तरच. पंधरा दिवस काहीच दिसलं नाही. आम्ही दोघी एकमेकींशी नीट बोलत नव्हतो. मग एका सांध्यातून फिकट, गुंडाळलेलं एक पान बाहेर आलं. दुसरं आलं. महिना भरला त्या दिवशी वेलाला सात पानं होती, लहान लहान, आणि सातही स्वच्छ.

मावशी साहेबांकडे गेली आणि म्हणाली, हुकूम तोंडी नको, कागदावर पाहिजे. हेडक्लार्कांनाच तो लिहावा लागला, त्यांच्या वळणदार अक्षरात. व्हरांड्यातील सर्व कुंड्यांची देखभाल श्रीमती गयाबाई यांच्याकडे राहील. तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो घरी आणून माझ्याकडून चारदा वाचून घेतला. "'सर्व' लिव्हलंय ना? बराबर बघ." मी म्हटलं, आता माठाचाही हुकूम मागू या, लगेच, मोर्चाच काढू. ती हसली. "आदी कुंड्या. मंग माठ. तुला समदं एकाच पत्रकात पायजे आस्तं."

त्यानंतर तिला एक सवय लागली. मी नवं पत्रक छापायला नेण्याआधी तिला वाचून दाखवायचे. सगळं ऐकून ती एकच विचारायची, "खिळा बुडिवलास का?" कधी म्हणायची, "ह्यात मोरचूद लई झालं, बेबी. ज्येला बरं करायचं त्योच जळंल." मी चिडायचे, वाद घालायचे, आणि प्रेसच्या दारात उभी राहून दोन वाक्यं खोडायचे. साखऱ्याला निघाले त्या सकाळीही वाचून दाखवलं होतं. तिला बारीक ताप होता, गोधडी घेऊन बसली होती. "आज बरं झालंय," म्हणाली. "जा. आन् भिंत झाडून मंग डकव, न्हाई तर खळ धरत न्हाई." ती आमची शेवटची भेट. ताप उतरेल असं मला वाटलं होतं...

याच पुरवणीत मागे गृहिणींच्या सदरात छापून आलं होतं की विटाळशी बाईनं तुळशीला, मोगऱ्याला हात लावू नये, पानांवर ठिपके पडतात. ज्यांनी ते लिहिलं त्यांना माझं आव्हान आहे. कुंडीत पाणी बुंध्याशी घाला, सकाळी घाला. कुंड्यांत अंतर ठेवा. डागी पान दिसलं की खुडून जाळा, आणि ज्या कात्रीनं ते कापलं ती तशीच दुसऱ्या झाडाला लावू नका, धुऊन घ्या. एवढं करा आणि मग घरातल्या कोणत्याही बाईला, कोणत्याही दिवशी, कोणत्याही जातीच्या हातानं पाणी घालू द्या. डाग पडले तर मला पत्र लिहा. मी येऊन बघीन. खिळा घेऊन येईन.

शोकसभेचं एक राहिलं. गरीब गाय म्हणून झालं, दोन मिनिटं उभं राहून झालं, चहा आला. मी उठून कोपऱ्यातल्या माठाकडे गेले. किसनराव पुढं झाला, सवयीनं त्यानं ओगराळं हातात घेतलं, वरून ओतायला. मी ते त्याच्या हातातून घेतलं. त्यानं दिलं. स्वतः बुडवलं, पेला भरला, अर्धा प्याले. हेडक्लार्क बघत होते. कपबशी त्यांच्या हातात तशीच राहिली. उरलेला अर्धा पेला घेऊन मी व्हरांड्यात आले आणि वेलाच्या बुंध्याशी हळूहळू ओतला. वेल आता छताला टेकलाय. पानावर थेंब उडू दिला नाही.

खिळा माझ्याकडे आहे. दौतीशेजारी ठेवलाय, चाचांनी दिला होता त्याच कागदात. हा लेख लिहून झाल्यावर मी तो मोठ्यानं वाचला, ती समोर गोधडी घेऊन बसली आहे असं समजून, आणि तिच्याच आवाजात स्वतःला विचारलं, "खिळा बुडिवलास का?" मोरचूद जास्त झालंय, मला कळतंय. खिळा लाल निघणार. इतर सगळ्या पत्रकांत मी तुझं ऐकत आले, मावशी. यात चुना घालणार नाही.